धनेशाने भरवलेली राणी

एका राज्यात, जिथे जंगल आधी होते आणि राजे मागाहून आले, एक रीत चालत आली होती. राणीला दिवस गेले की ती महाल सोडून ढोलीत जाई. ढोली म्हणजे राजवाड्याच्या मागच्या अंगाची दगडी खोली. तिला खिडकी नाही, झरोका नाही, एक दार तेवढे. राणी आत शिरे, चिखल कालवून आपल्याच हाताने ते दार आतून लिंपून घेई आणि चार बोटे रुंदीची एक फट ठेवी. बाळंतपण आतच. मूल धट्टेकट्टे झाले की राणी ती भिंत फोडी, तीही आतूनच आणि आपल्या मर्जीने. तोवर राजाने रोज फटीशी जायचे आणि तिला भरवायचे. नोकराचा हात चालत नसे. सासूचा तर नाहीच नाही.

ही रीत मुळात धनेश पक्ष्याची. मोठ्या चोचीचा, चोचीवर शिंग मिरवणारा हा पक्षी. त्याची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि आत अंडी घालते. आत बसली की तिची उडायची पिसे झडून जातात. मग नर फळे आणतो म्हणून ती जगते, आणि आणतो म्हणून पिलू जगते. त्या राज्याचा मूळपुरुष लहानपणी जंगलात टाकला गेला होता. त्याला एका धनेशाने उंबरे भरवून वाढवले. त्याने गादीवर बसताच ही रीत घरात आणली आणि वंशाला शपथ घातली, की धनेशावर बाण उचलायचा नाही.

आता माणसाच्या हाती रीत पडली की तिला एखादे ठिगळ लागल्याशिवाय राहत नाही. पुढे एका राणीला फटीतून लढाईची वाईट बातमी कळली आणि तिचे मूल पोटातच गेले. तेव्हापासून नवा नियम झाला. फटीशी कुणी बोलायचे नाही. राजाने सांगायचे नाही, राणीने विचारायचे नाही. पुढच्या साऱ्या राण्या मुक्याने जेवल्या, आणि लोकांना वाटले, किती ही काळजी.

त्या गादीवर धवलसेन बसला होता आणि त्याची राणी चारुमती ढोलीत गेली होती. पहिले मूल पाळण्यातच दगावले होते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे या मुलाकडे लागलेले. राजाची धाकटी बहीण वैजयंती शेजारच्या राज्यात दिलेली. ती झबली-टोपडी, वाळे आणि लोकरीची दुपटी घेऊन माहेरी आली. आत्याबाईवाचून बारसे होते कुठे?

"दादा, वाळलास की रे," ती म्हणाली.

राजाने तिच्याकडे पाहिले. म्हणजे मान वळवून आधी एका डोळ्याने पाहिले, मग मान दुसरीकडे वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले. त्याच्या पापण्यांना लांब, राठ केस होते. पूर्वी नव्हते.

"आपण आत्या," तो म्हणाला. "आपण नाव ठेवणार."

लहानपणी जिच्या वेण्या ओढल्या तिला कुणी 'आपण' म्हणते का? वैजयंतीने हसून सोडून दिले, पण ते हसू तिच्या तिलाच खोटे वाटले. ती मग त्याला न्याहाळू लागली. तो अन्नाला शिवत नसे, फक्त फळे खाई. फळ बोटांत धरून वर उडवी आणि मान मागे टाकून तोंडात झेली. तो चालला की शेला हलत नसे, तरी डोक्यावरून वारा घोंगावत गेल्याचा आवाज येई. दरबाराने यातले काहीच मनावर घेतले नव्हते. राजा कमी बोलू लागला तर दरबाराला ते शहाणपण वाटते, आणि मान वाकडी करून पाहू लागला तर मुत्सद्देगिरी.

दिवेलागणीला राजा ढोलीकडे निघाला. वैजयंती खांबाआड उभी राहिली. त्याच्या हातात ताट नव्हते, वाटी नव्हती, साधा द्रोणही नव्हता. त्याचा गळा मात्र फुगलेला होता. तो फटीशी वाकला, मान एकदा झटकली, आणि त्याच्या घशातून एक उंबर ओठांवर आले. ते त्याने फटीत सरकवले. मान झटकली, दुसरे आले. मग तिसरे. आतून दोन बोटे बाहेर येत आणि फळ घेऊन जात. सगळे झाल्यावर आतून काहीतरी बाहेर पडले. राजा गेल्यावर वैजयंतीने वाकून पाहिले. तो चारुमतीच्या केसांचा पुंजका होता. झाडणारी बाई म्हणाली, "रोजच पडतात, बाईसाहेब. राणीसाहेबांचे सगळे केस झडत चाललेत." आणि तिने तो पुंजका सुपलीत भरून नेला.

पण वैजयंतीला खरी भीती वाटली ती सकाळी, आणि तीही कावळ्यांमुळे. धवलसेनाने पोरवयात अंगणातल्या निंबावरचे कावळ्याचे घरटे पाडले होते. तेव्हापासून तो अंगणात आला की कावळे त्याच्या पगडीवर झेप घेत. घरटे पाडलेले पाहणारे कावळे कधीच मेले, तरी त्यांची पोरे आणि नातवंडे झेपावतच राहिली. राजा अंगणात छत्रीखाली फिरे आणि प्रजा तोंड लपवून हसे. त्या सकाळी राजा उघड्या डोक्याने निंबाखालून गेला आणि एकही कावळा हलला नाही.

वैजयंतीने भाताची मूद ठेवली. एक म्हातारी कावळीण खाली उतरली.

"बाई, विचार काय ते," कावळीण म्हणाली.

"माझ्या भावाला का सोडलेस?"

"आम्ही चेहरा विसरत नाही. माझ्या आजीने तो माझ्या आईला दाखवला, आईने मला. चेहरा तोच आहे. पण त्याच्यामागे तुझा भाऊ नाही. परक्याला कशाला टोचायचे?"

"मग माझा भाऊ कुठे आहे?"

"जंगलात. जुन्या बेहड्याच्या झाडावर जखीण राहते, तिला विचार. भर दुपारी जा. एरवी ती दिसत नाही."

वैजयंतीने कुणाला सांगितले नाही. सांगायचे तरी कुणाला? ती एकटीच निघाली.

जंगलात टळटळीत दुपार भरली होती. पान हलत नव्हते. बेहड्याच्या मुळावर जखीण बसली होती आणि झाडाच्या पारंब्यांसारख्या मुळ्यांची वेणी घालत होती. ती बोलली तेव्हा तिचे ओठ हलले नाहीत, आवाज झाडाच्या बुंध्यातून आला.

"भाऊ शोधतेस. वर बघ."

वर बुंध्यात एक लिंपलेली ढोली होती, आणि फटीतून एक चोच बाहेर आली होती. इतक्यात डोक्यावर तोच घोंगावणारा आवाज आला. एक नर धनेश फांदीवर उतरला. त्याने खाली वैजयंतीकडे पाहिले. पक्षी पाहतो तसे एका डोळ्याने नाही, तोंड समोर धरून दोन्ही डोळ्यांनी पाहिले. त्याला काहीतरी म्हणायचे होते, पण गळा फळांनी भरलेला होता. तो फटीकडे वळला आणि एकेक फळ त्या चोचीत देऊ लागला. ते संपताच पुन्हा उडाला. वैजयंतीला रडू फुटले. तिने भावाला ओळखले होते.

"ऐक आता," जखीण म्हणाली. "तुझ्या भावाला कुणा वैदूने सांगितले, की धनेशाचे शिंग पाळण्याला बांधले तर मूल दगावत नाही. शपथ मोडून त्याने बाण सोडला. मरताना त्या नराने मला विचारले, 'तिला कोण भरवणार?' मी अदलाबदल केली. तुझा भाऊ पक्षी होऊन या विधवेला भरवतो. मेलेला तुझ्या भावाचे रूप घेऊन तुमच्या राणीला भरवतो. त्याला दुसरे काही येत नाही."

"हे कुठवर चालणार?"

"बाळंतिणीच्या तोंडात पहिला घास ज्याचा, मूल त्याचे. चारुमतीचे दिवस भरत आलेत. तो घास मेलेल्याने दिला, तर तुमचे बाळ चोच घेऊन वाढेल, आणि पंख फुटले की त्याच्या मागे मेलेल्यांत जाईल. तुझा भाऊ इथेच राहील."

"आणि उपाय?"

जखिणीने उंबरांच्या लगद्याचा एक गोळा तिच्या पदरात टाकला. "हा त्या मेलेल्याचा पिंड. यात भांड्याला न लागलेले पाणी घाल. जमिनीला न लागलेले पीस खोव. न जन्मलेल्याचा शब्द यावर घे. मग हा त्याच्यासमोर ठेव. कावळा शिवला तर तो सुटला. नाही शिवला तर त्याची इच्छा राहिली आहे, असे समज."

"कसली इच्छा?"

"ते मला ठाऊक असते तर तुला कशाला राबवले असते?" जखीण म्हणाली आणि वेणी घालू लागली.

वैजयंती निघाली तेव्हा वरच्या फटीतून आवाज आला. चोच होती, पण आवाज बाईमाणसाचा होता.

"बाई, मला फळे देतो तो कोण आहे?"

वैजयंती थबकली. उत्तर तिच्या जिभेवर होते. पण तिच्या माहेरी फटीशी बोलत नसत, आणि लहानपणची शिकवण हाडात मुरलेली असते. तिने ओठांवर बोट ठेवले आणि मान खाली घालून चालू लागली. फटीतून पुन्हा काही विचारले गेले नाही.

पहिल्यांदा ती उजाड माळावर गेली. तिथे पखुर्डी नावाचे मातकट पक्षी राहतात. पाणी तिथून कोसावर, पिले मात्र माळावरच. नर पाणवठ्यावर जातो, पाण्यात पोट टेकून बसतो, पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच उडत येतो. पिले त्याच्या पोटाखाली शिरून पिसे चोखतात. ही त्यांची घागर.

"मला थोडे पाणी हवे," वैजयंती म्हणाली.

"पाणी पिलांचे आहे," नर म्हणाला. "पण आज ऊन जास्त आहे. मी दुसरी खेप करीपर्यंत त्यांच्यावर सावली धर. मग देतो."

वैजयंती पिलांवर ओणवी झाली. तिच्या पाठीची कातडी भाजून निघाली, आणि पिले तिच्या सावलीत निवांत डोळे मिटून बसली. नर परत आला तेव्हा त्याने आधी पिलांना पाजले. मग तो पिंडावर बसला आणि पोट दाबले. पाणी लगद्यात मुरले.

दुसऱ्यांदा ती एका ओसाड गडाच्या तटावर गेली. तिथे पाकोळ्या घिरट्या घालत होत्या. पाकोळी जमिनीवर उतरत नाही. पाय असून नसल्यासारखे. खाणे उडत, पिणे उडत, झोपही उडतच.

"जरा थांब," वैजयंती म्हणाली.

"आम्ही थांबत नाही," पाकोळी म्हणाली. "बोलायचे तर पळत बोल. आणि हळू बोल. माझी एक बाजू झोपली आहे."

वैजयंती तटावरून पळू लागली. एका अंगाला अंगण, दुसऱ्या अंगाला दरी. पाकोळीचा एक डोळा मिटलेला होता आणि दुसरा टक्क उघडा.

"मला जमिनीला न लागलेले पीस दे."

"देते. पण जागी आहे त्या बाजूचे देते. झोपलेल्या बाजूला कळले तर ती भिऊन कोसळेल."

पीस हवेत सुटले. वाऱ्याने ते दरीकडे नेले. वैजयंतीने तटाबाहेर अंग झोकून ते दातांत धरले, आणि एका हाताने कसाबसा दगड पकडला. खाली पाहायची तिला छाती झाली नाही. पाकोळी केव्हाच लांब गेली होती. कुणी पडले की राहिले हे बघायला त्या मागे वळत नाहीत.

तिसऱ्यांदा ती ज्वारीच्या कापलेल्या रानात गेली. धसकटांत लावी पक्षीण अंड्यांवर बसली होती. वैजयंतीने तिला न जन्मलेल्याचा शब्द मागितला.

"मी उठते," लावी म्हणाली. "कान लाव. त्यांचे बोलणे चालूच असते."

वैजयंतीने आडवे होऊन कान लावला. अंड्यांच्या आत टकटक चालली होती.

"झालास का?"

"नाही. थांब."

"तू झालास का?"

"मी झालो. याच्यासाठी थांबलोय."

सगळी एका वेळी फुटायला हवीत म्हणून ती आतून एकमेकांना विचारत होती. मागे राहिलेल्याला कोल्हा नेतो, हे त्यांना जन्माआधीच ठाऊक होते. वैजयंतीने श्वास रोखून विचारले, "तुम्हाला बाहेरचे ऐकू येते?"

टकटक थांबली. मग सगळ्या अंड्यांतून एकच आवाज आला. "ऐकण्यावाचून आत दुसरे काम काय असते?"

"मग या पिंडासाठी एक शब्द द्या."

"ऐकले," अंडी म्हणाली. एवढाच शब्द दिला. वैजयंतीने तो पिंडावर घेतला आणि घरची वाट धरली. वाटेभर तिच्या मनात चारुमती होती. आतले बाळ तिच्यासारखेच मुकाट बसून काय ऐकत असेल, याचा विचार करून तिला गलबलून आले.

ती राजवाड्यात पोचली तेव्हा ऊन कलले होते. ढोलीतून कण्हणे ऐकू येत होते. चारुमतीला कळा लागल्या होत्या. फटीसमोर मेलेला राजा गळा फुगवून उभा होता. पहिला घास त्याच्या घशात तयार होता. सुइणी, दासी, राजगुरू सगळे जरा लांब, गप्प उभे. नियमच तसा होता.

वैजयंतीने फटीखाली पिंड ठेवला आणि हाक मारली. निंबावरून म्हातारी कावळीण आली, पिंडासमोर बसली आणि बसूनच राहिली.

कावळा शिवेना म्हणजे घरच्यांची कशी गत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. जिवंतपणी ज्याला पाण्याचा तांब्या दिला नाही, त्याला मग जमिनी कबूल करतात. वैजयंतीनेही हात जोडले.

"तुझ्या बायकोला आम्ही भरवू." कावळीण हलली नाही.

"तुझे झाड कुणी तोडणार नाही." कावळीण हलली नाही.

"या वंशात पुन्हा कुणी धनेश मारणार नाही."

"ही शपथ आधीपासून होतीच," कावळीण म्हणाली आणि पंख साफ करू लागली.

आत चारुमती ओरडली. मेलेला राजा फटीशी वाकला. वैजयंतीने त्याचा दंड धरला, तो बर्फागत गार लागला.

"तुला हवे तरी काय?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

त्याने एका डोळ्याने तिच्याकडे पाहिले. "भरवायचे आहे," तो म्हणाला. "ती वाट पाहते."

तेव्हा वैजयंतीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला वाटते आहे, की आपली बायको या भिंतीमागे आहे! हा मेला हे याला कुणी सांगितलेच नाही. जंगलात वहिनीसारखीच कोंडलेली एकजण विचारत होती, तिलाही आपण बोट दाखवून गप्प केले. दोन भिंती, दोन्हींमागे एकेक बाई, आणि सगळ्यांनी मिळून दातखीळ बसवून घेतलेली. तिला स्वतःची लाज वाटली.

ती फटीकडे वळली. राजगुरू धावले. "बाईसाहेब, बोलू नका! मूल जाईल!"

जाईलही. पूर्वी गेले होते. आपल्या एका वाक्याने भावाचा वंश बुडेल आणि जन्मभर आपल्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे वैजयंतीला दिसत होते. तरी तिने फटीला तोंड लावले.

"वहिनी, मी वैजयंती. तुम्हाला भरवत होता तो दादा नव्हे. दादाने एका धनेशाला मारले. तो मेलेला धनेश तुम्हाला भरवतो आहे. त्याची मादी जंगलात ढोलीत अडकली आहे, तिच्या अंगावर उडायला पिसे नाहीत. दादा पक्षी होऊन तिथे आहे. लपवायचे काही उरले नाही."

कण्हणे थांबले. सुईण तोंडावर पदर घेऊन खाली बसली. मेलेल्या राजाने मान तिरकी केली, त्यानेही सगळे ऐकले होते.

मग आतून आवाज आला. इतके महिने न वापरलेला, घोगरा.

"वन्स, तो तिथेच आहे का?"

"आहे."

"अहो, फळे देणारे," चारुमती म्हणाली, "एक दिवसही तुम्ही मला उपाशी ठेवले नाहीत. पण मी तुमची नव्हे. तुमची तिकडे आहे. तुम्हाला मारले हो त्यांनी. तुम्ही गेलात."

त्याचे ओठ उघडले आणि घशातली सगळी फळे दगडांवर सांडली.

"मग तिला कोण?" त्याने विचारले.

आत कळ आली. चारुमतीने ती दात आवळून जाऊ दिली. "मी शब्द देते. ज्याने मारले तोच तिला भरवील. तिची ढोली फुटेपर्यंत माझी फुटणार नाही. ती आत अडकून मेली, तर मी आणि माझे बाळही इथेच मरू."

कावळिणीने एक उडी मारली आणि पिंडाला चोच लावली.

राजाचा शेला रिकामा होऊन खाली पडला. त्यावर थोडी काळी-पांढरी पिसे होती, आणि वर एकदाच वारा घोंगावत जंगलाकडे गेला. पाठोपाठ ढोलीतून बाळाचे रडणे आले. साधे, माणसाच्या बाळाचे रडणे. वैजयंती मट्‍कन खाली बसली आणि बाळापेक्षा मोठ्याने रडली.

पहाटेला धवलसेन आला. अंगावर शिकारीच्या कपड्यांच्या चिंध्या, पाय रक्ताळलेले, मुठीत एक उंबर. फांदीवरून माणूस होऊन पडला होता आणि तसाच पळत सुटला होता. तो अंगणात शिरताच कावळ्यांनी त्याच्या डोक्यावर झेप घेतली. त्याने हात वर केला नाही. तो फटीशी गेला आणि नियम विसरून बोलला.

"चारुमती, मी आलो. तुला घास आणला आहे."

"हे फळ कुणासाठी तोडले होते?"

राजाची मान खाली गेली. "तिच्यासाठी. हातातच राहिले."

"तिला सांगितलेत?"

"नाही."

"मग ते फळ तिचे आहे," चारुमती म्हणाली. "आधी तिला द्या. आणि मुक्याने देऊ नका. आपण काय केले ते आपल्या तोंडाने सांगा. मी थांबते."

बाळंतीण उपाशी होती. वैजयंतीने लाडू करायला घेतलेला डिंक तसाच परातीत राहिला. दाराशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी राजाकडे पाहिले. राजा आल्या पावली जंगलाकडे फिरला.

बेहड्यावर चढायला त्याला पंख नव्हते. तो ओरबाडत चढला. फटीशी पोचून म्हणाला, "मी धवलसेन. तुझ्या नवऱ्याला मी मारले. इतके दिवस तुला मीच भरवत होतो."

"तू तो नव्हेस, हे ठाऊक होते," आतून मादी म्हणाली. "तो फळ द्यायच्या आधी मला हाक मारी. तू कधी मारली नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"मला पिसे नाहीत आणि पिलाला भूक आहे. बोलले असते आणि तू पळाला असतास तर? एका बाईला विचारून पाहिले. ती गप्प राहिली." मग ती म्हणाली, "आता मला रडू दे. तू पिलाला दे."

त्या दिवशी तिने फळ घेतले नाही. ते पिलाने खाल्ले. आत ती रडत होती आणि राजा फांदीला मिठी मारून ऐकत होता. त्याला वाटले, हे रडणे आपल्याला जन्मभर पुरेल.

संध्याकाळी चारुमतीच्या तोंडात पहिला घास पडला. तो धवलसेनाच्या हातचा होता.

पुढे रोज तसेच चालले. सकाळी जंगल, सांजेला राजवाडा. राज्यकारभार वैजयंतीने पाहिला आणि, लोक म्हणतात, बरा पाहिला. राजा दोन्ही फटींशी बोलू लागला. आधी शब्द सुचत नसत, मग थांबेनासे झाले. पाऊस कुठवर आला, कुठल्या उंबराला बहर आहे, आज कावळ्यांनी कितीदा टोचले, सगळे सांगे. राजगुरूंनी चार दिवस कपाळाला हात लावला आणि पुढे तेही फटीशी जाऊन श्लोक म्हणू लागले.

आणि एका सकाळी बेहड्यावरचा लिंपलेला चिखल आतून फुटला. मादी बाहेर आली, नव्या पिसांची, मागे अडखळत पिलू. तिने राजाकडे एकदा, एका डोळ्याने पाहिले. क्षमा केली असे काही ती म्हणाली नाही. पंख पसरून ती निघाली आणि पिलू तिच्या मागे गेले. त्या दोघांचा घोंगावणारा आवाज राजवाड्यावरून गेला तेव्हा चारुमतीने आतून भिंतीवर पहिला घाव घातला.

राजा पळत पोचला तेव्हा दार मोकळे झाले होते. चारुमती उन्हात डोळे मिचकावत उभी होती. डोक्यावर नवे केस बोटभर आलेले, कडेवर गुबगुबीत मुलगी. मुलीने आईखेरीज दुसऱ्या माणसाचा चेहरा कधी पाहिला नव्हता. समोरचा दाढीवाला, ओरखडलेला, घामेजलेला माणूस पाहून तिने भोकाड पसरले आणि आईच्या मानेत तोंड खुपसले. राजाचे पुढे केलेले हात तसेच राहिले. त्याचा चेहरा पडला.

"बोला ना," चारुमती म्हणाली.

"काय बोलू?" राजा म्हणाला.

मुलीचे रडणे तिथल्या तिथे थांबले. तिने मान वळवली, त्या तोंडाकडे टक लावून पाहिले, आणि दोन्ही हात पुढे करून त्याच्याकडे झेपावली.

त्यांच्या घरी बोल राहिला, आपल्या घरीही राहो. माझी कहाणी इथे सरली.